बातमी आणि जाहिरात आपल्या डोक्यात कशी शिरते: नवख्यांसाठी पायरी पायरीने

"जाहिरातींचा माझ्यावर काही परिणाम होत नाही, बाकीच्यांवर होतो" असं तुम्हाला वाटत असेल तर आधी तिथूनच सुरुवात करू, कारण जवळपास सगळ्यांनाच असं वाटतं. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये यावर लेख लिहिला आणि या प्रकाराला 'थर्ड पर्सन इफेक्ट' म्हटलं, म्हणजे मीडियाचा परिणाम माझ्यावर नाही, तुझ्यावरही फारसा नाही, तो कुणीतरी तिसरा असतो ना त्याच्यावर होतो. आता सगळेच असं म्हणत असतील तर तो तिसरा म्हणजे आपणच की.

मी हे लिहितोय कारण ओळखीतली बरीच माणसं दोन टोकांना जाऊन बसलेली बघतोय. काही जण जे येईल ते खरं मानून पुढे पाठवतात आणि काही जण "सगळे विकले गेलेत, कुणावरच विश्वास नको" म्हणून मोकळे होतात. मला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच धोक्याची वाटते, कारण ज्याचा कशावरच विश्वास उरत नाही तो शेवटी आपल्याला आवडेल तेच खरं धरतो. विश्वास हा त्या त्या बातमीपुरता, तपासून द्यायचा असतो आणि ते शिकता येतं, खूप हुशार असायची गरज नाही, सवय लागते फक्त.

पायरी १: आठवडाभर वही ठेवा, बाकी काही बदलू नका

साधी वही किंवा फोनमधली नोट्स चालेल. दिवसभरात लक्षात राहिलेल्या फक्त पाच गोष्टी रात्री लिहायच्या, बातमी असो, जाहिरात असो, फॉरवर्ड असो. प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहा: कुठून आली, वाचून काय वाटलं (राग, भीती, हेवा, घेऊन टाकावंसं वाटणं), आणि त्याआधी किती वेळा दिसली होती. या आठवड्यात काहीही तपासायचं नाही, कुणाला करेक्ट करायचं नाही, चॅनेल बदलायचं नाही. आधी आपण रोज काय खातोय ते तरी बघू.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला जी बातमी "सगळीकडे" आहे असं वाटत होतं ती चार ठिकाणी वाचलेली निघाली, पण चारही ठिकाणी एकाच न्यूज एजन्सीचा (सगळ्या पेपरांना बातम्या पुरवणारी संस्था) मजकूर होता, मथळे तेवढे वेगळे. म्हणजे चार जणांनी सांगितलं असं वाटत होतं आणि सांगणारा एकच होता. हे वहीशिवाय कधी कळलंच नसतं.

पायरी २: पैसा कुठून येतो ते बघा

१८३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या माणसाने 'द सन' हा पेपर एका सेंटला विकायला सुरुवात केली, तेव्हा बाकीचे मोठे पेपर सहा सेंटला होते. एवढ्या स्वस्तात परवडतं कसं, तर खप वाढवायचा आणि तो खप जाहिरातदारांना दाखवून जागा विकायची. याच पेपरने १८३५ मध्ये चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसल्याची लेखमाला छापली, खऱ्या खगोलशास्त्रज्ञाचं नाव वापरून, आणि लोकांनी ती पटापट विकत घेतली. सगळं खोटं होतं. लक्ष मिळालं की पैसे मिळतात हे गणित इतकं जुनं आहे. १९९४ मध्ये वेबवर पहिल्या बॅनर जाहिराती आल्या तेव्हा गणित तेच राहिलं, फक्त कोण कुठे क्लिक करतो हे एकेका माणसाचं मोजता यायला लागलं.

तर तुम्ही जे चॅनेल, पेपर, साइट किंवा यूट्यूबवाले नेहमी बघता त्यातले तीन निवडा आणि प्रत्येकाचा पैसा कुठून येतो ते शोधा. जाहिराती, वर्गणी, सरकार, देणग्या की एखादा मोठा मालक ज्याचे इतर धंदे आहेत. साइटच्या खाली 'आमच्याविषयी' मध्ये थोडं सापडतं, बाकी मालकाचं नाव सर्च करा. इथे नवीन लोक एक चूक करतात, मालक अमुक म्हणजे बातमी खोटीच असं धरून चालतात. तसं नसतं. पैशावरून बातमी खोटी ठरत नाही, पैशावरून कोणती बातमी येणारच नाही याचा अंदाज लागतो. वर्गणीवर चालणाऱ्यांनाही ओढ असतेच, वर्गणीदाराला आवडणार नाही ते लिहायला हात जड होतो.

पायरी ३: बातमीच्या कपड्यातली जाहिरात ओळखा

उघड जाहिरात त्रास देत नाही कारण ती जाहिरात आहे हे आपल्याला माहीत असतं आणि आपण थोडे सावध असतो. खरं काम न दिसणारी जाहिरात करते. २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका गटाने शाळकरी मुलांना न्यूज साइटचं पान दाखवलं, त्यातल्या एका मजकुरावर 'स्पॉन्सर्ड कंटेंट' असं स्पष्ट लिहिलं होतं, तरी ८० टक्क्यांहून जास्त मुलांनी ती बातमी समजली. मुलं आहेत म्हणून हसू नका, तो शब्द बारीक आणि फिक्या रंगात का छापतात याचा विचार करा.

शोधायचे शब्द हे: स्पॉन्सर्ड, प्रायोजित, पार्टनर कंटेंट, प्रमोटेड, 'सहकार्याने', इम्पॅक्ट फीचर, ब्रँड स्टुडिओ, ॲडव्हर्टोरियल. पेपरात फॉन्ट किंचित वेगळा असतो, बातमीदाराचं नाव नसतं. व्हिडिओमध्ये "थँक्स टू" म्हणून पटकन निघून जातात. आणि लेबल नसतानाही एक खूण असते, मजकुरात कुणाचीच अडचण नसते, कुणी विरोधात बोलत नाही, किंमत आणि तोटे यांचा पत्ता नसतो, सगळं गोडच गोड.

पण लेबल शोधून भागत नाही, कारण काही वेळा जाहिरात स्वतःच बातमी होऊन येते. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणी मिरवणुकीत सिगारेट ओढत चालल्या, बायकांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं तेव्हा लाजिरवाणं मानलं जायचं, आणि त्यांनी सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटलं. पेपरांनी ही बातमी म्हणून छापली. ते सगळं जमवून आणलं होतं एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धीतज्ज्ञाने, आणि त्याला पैसे देत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. एका पैशाचीही जागा विकत न घेता सिगारेटची जाहिरात बातम्यांच्या पानावर गेली आणि वर ती हक्काची लढाई वाटली. मला ही गोष्ट कधीही आठवली तरी अस्वस्थ व्हायला होतं, कारण वाचणाऱ्या बायकांच्या मनातली समानतेची इच्छा खरी होती, ती वापरून घेतली गेली.

दुसरं उदाहरण याहून जड आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये, इराकने कुवेतवर हल्ला केल्यानंतर, १५ वर्षांच्या एका मुलीने वॉशिंग्टनमध्ये काही खासदारांसमोर रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी हॉस्पिटलमधल्या बाळांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर टाकलं. टीव्हीवर ते परत परत दाखवलं गेलं, नेत्यांनी भाषणांत वापरलं. युद्ध होऊन गेल्यावर १९९२ मध्ये बाहेर आलं की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेतच्या राजदूताची होती आणि साक्षीमागे हिल अँड नोल्टन या पीआर (जनसंपर्क, म्हणजे पैसे घेऊन लोकमत घडवणाऱ्या) कंपनीची मोहीम होती, आणि ती बाळांची गोष्ट नंतरच्या तपासात टिकली नाही. त्यामुळे कुठलीही मन हलवणारी साक्ष बघितली की दोन प्रश्न विचारा: ही व्यक्ती कोण, आणि तिला कॅमेऱ्यासमोर आणलं कुणी. एवढंच. दुःख खोटं असेलच असं नाही, पण ते आपल्यापर्यंत पोचवण्याचा खर्च कुणीतरी केलेला असतो.

पायरी ४: किती वेळा ऐकलं ते मोजा

वहीतला तिसरा कॉलम यासाठी होता. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसली तरी ती आवडायला लागते, अगदी अर्थ न कळणारी अक्षरं असली तरी. पुढे १९७७ मध्ये आणखी एका प्रयोगात लोकांना काही विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा ऐकवली, तर पुन्हा ऐकलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटायला लागली, मग ती मुळात खरी असोत की खोटी. म्हणजे ओळखीचं वाटणं आणि खरं वाटणं यात आपल्या मेंदूची गल्लत होते.

लिस्टरिन माउथवॉशचं उदाहरण घ्या. सर्दी आणि घसादुखीवर उपयोगी पडतं असं त्यांच्या जाहिरातींत कित्येक दशकं सांगितलं जात होतं. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) आदेश दिला की याने सर्दी टळत नाही हे आता जाहिरातीतच सांगा, आणि पुढच्या सुमारे १ कोटी डॉलरच्या जाहिरातींत ते वाक्य घालावं लागलं. तरीही मोहीम संपल्यावर बऱ्याच लोकांच्या डोक्यातून जुना दावा गेला नाही. दशकांचं रटवणं एका दुरुस्तीने पुसलं जात नाही.

जाता जाता, सिनेमाच्या पडद्यावर क्षणभर लपवलेले शब्द दाखवून लोकांना पॉपकॉर्न घ्यायला लावलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९५७ मध्ये जेम्स विकारीने तसा दावा केला होता आणि काही वर्षांनी त्याने स्वतःच कबूल केलं की त्यात दम नव्हता. लपवलेल्या संदेशांची भीती बाळगू नका, उघडपणे शंभर वेळा सांगितलेल्या गोष्टीची बाळगा.

करायचं काय: एखादी गोष्ट 'माहितीच आहे' असं वाटलं की स्वतःला विचारा, मला हे कुठून माहीत आहे? उत्तर "सगळीकडे ऐकलंय" असं आलं तर ती गोष्ट वहीत 'न तपासलेली' म्हणून लिहा.

पायरी ५: काय दाखवलं नाही आणि कसं दाखवलं

१९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी चॅपल हिल गावातल्या १०० अनिश्चित मतदारांना देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारलं, आणि त्याच काळात तिथल्या मीडियात कशाला किती जागा मिळाली तेही मोजलं. दोन्ही याद्या जवळजवळ जुळल्या. यालाच 'अजेंडा सेटिंग' म्हणतात. मीडिया आपल्याला मत देतो की नाही हा वादाचा मुद्दा आहे पण विषय मात्र नक्की देतो. म्हणून आठवड्यातून एकदा मुद्दाम बघा की आपल्या जगण्याला खरंच लागणारे विषय (पाणी, नोकरी, दवाखाना, शाळा) फीडमध्ये कितीदा आले.

मग येतं मांडणीचं, ज्याला फ्रेमिंग म्हणतात. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९८१ चा प्रयोग मला सगळ्यात डोळे उघडणारा वाटतो. एका रोगाने ६०० माणसं मरणार आहेत असं धरा. एका गटाला सांगितलं की पहिल्या उपायाने २०० जण वाचतील, दुसऱ्यात सगळे वाचण्याची एक तृतीयांश शक्यता आहे आणि कुणीच न वाचण्याची दोन तृतीयांश, तर ७२ टक्के लोकांनी पहिला उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तोच पहिला उपाय "४०० जण मरतील" असा सांगितला, तर फक्त २२ टक्क्यांनी निवडला. आकडे तेच, उपाय तोच, फक्त 'वाचतील' ऐवजी 'मरतील'.

घरी करायचा सराव सोपा आहे. एकच घटना घ्या आणि तिचे तीन वेगळ्या ठिकाणचे मथळे वहीत एकाखाली एक लिहा. क्रियापदं अधोरेखित करा. 'म्हणाले', 'कबूल केलं', 'दावा केला', 'सुनावलं', हे चारही एकाच वाक्यासाठी वापरलेले सापडतील आणि प्रत्येक शब्द तुम्हाला वेगळ्या बाजूला ढकलतो. "वाहन उलटलं" आणि "चालकाने वाहन उलटवलं" यातही फरक आहे, कर्ता गायब केला की दोषही गायब होतो.

पायरी ६: टक्केवारी दिसली की थांबा

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो, म्हणजे १०० टक्के वाढ. बातम्यांमध्ये तेच मोठ्ठं आलं, बायका घाबरल्या आणि बऱ्याच जणींनी गोळ्या बंद केल्या. मूळ आकडा काय होता? ७००० बायकांमध्ये एकीला होणारा त्रास ७००० मध्ये दोघींना झाला होता. खोटं कुणीच बोललं नव्हतं. पण त्या घबराटीनंतरच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे, आणि गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

म्हणून 'दुप्पट', 'पन्नास टक्के जास्त', 'तिप्पट सुरक्षित' असं काही दिसलं की विचारायचं: कशाच्या दुप्पट? किती जणांपैकी किती? जाहिरातींमध्ये "१० पैकी ९ जणांची पसंती" असतं तिथे एकूण किती लोकांना विचारलं आणि काय पर्याय दिले होते ते खाली बारीक अक्षरात असतं, कधी नसतंही. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतोय का एवढं तर दोन सेकंदांत बघता येतं.

पायरी ७: पानावर रेंगाळू नका, बाहेर जाऊन विचारा

इतक्या सगळ्या पायऱ्यांमधली एकच लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. इतिहासकारांसारखी शिकलेली माणसंसुद्धा तीच साइट वरपासून खालपर्यंत वाचत बसली, लोगो छान आहे, संदर्भ दिलेत, भाषा गंभीर आहे म्हणून बऱ्याचदा फसली. फॅक्ट-चेकर मात्र लगेच त्या पानावरून उठले, नवीन टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते बघितलं, आणि कमी वेळात बरोबर उत्तरापर्यंत पोचले. आपल्याला शाळेत नीट लक्ष देऊन वाचायला शिकवलं, इथे ते उलट पडतं, फसवणाऱ्याने लिहिलेलं पान जितकं लक्ष देऊन वाचाल तितके त्याच्याच घरात बसाल.

म्हणजे प्रत्यक्षात असं करा: संस्थेचं किंवा लेखकाचं नाव कॉपी करून सर्च करा, पहिल्या रिझल्टवर झडप न घालता पाच-सहा रिझल्टच्या ओळी वाचा, फोटो असेल तर रिव्हर्स इमेज सर्च करून तो आधी कधी आणि कुठे आला होता ते बघा, आणि आकडा असेल तर तो मूळ कुणी दिला तिथपर्यंत जा. एवढ्याला फार तर दोन-तीन मिनिटं लागतात. प्रत्येक गोष्टीला करू नका, दमून जाल आणि सोडून द्याल. ज्यावर पैसे, तब्येत, मत किंवा कुणाची अब्रू अवलंबून आहे तेवढ्यालाच करा.

पायरी ८: राग आला की बोट थांबवा

ही लहान आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासला. खोटी बातमी रीट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि ते बॉट्समुळे (आपोआप पोस्ट करणारी खाती) नव्हतं, माणसांमुळेच होतं, खोटं जास्त नवीन आणि धक्कादायक वाटतं म्हणून. वहीत 'राग' किंवा 'धक्का' लिहिलेलं काही शेअर करायचं असेल तर अर्धा तास थांबा, तोवर पायरी ७ करून घ्या.

पायरी ९: कुणावर किती विश्वास ठेवायचा

गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेत १९७६ मध्ये ७२ टक्के अमेरिकी लोकांनी न्यूज मीडियावर बराच विश्वास असल्याचं सांगितलं होतं, २०२५ मध्ये तो आकडा २८ वर आला. काही प्रमाणात मीडियाने हे स्वतःच ओढवून घेतलंय. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरचा एक शोधनिबंध आला, त्यातून एमएमआर लस (गोवर, गालगुंड आणि रुबेलावरची) आणि ऑटिझम यांचा संबंध असल्याची चर्चा सुरू झाली, आणि कित्येक वर्षं बातम्यांत एका बाजूला एक डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला एक डॉक्टर असं बसवून जणू प्रश्न अर्धा-अर्धा आहे असं दाखवलं गेलं, तेव्हाही पुरावा संबंध नाही याच बाजूला साठत होता. ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं, गोवर परत आला. शोधनिबंध मागे घेतला गेला २०१० मध्ये. तेवढ्यात जी मुलं आजारी पडली त्यांना कुठलीच दुरुस्ती उपयोगी पडली नाही, आणि म्हणूनच "दोन्ही बाजू दाखवल्या" एवढ्यावर मी समाधानी होत नाही.

मग भरवसा ठेवण्यासारखं कोण हे कसं ओळखायचं? माझी पहिली कसोटी दुरुस्तीची आहे. चूक झाल्यावर उघडपणे, ठळक आणि काय चुकलं ते सांगून दुरुस्त करतात का? २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आपल्याच एका बातमीदाराने रचलेल्या आणि चोरलेल्या मजकुराची हकीकत पहिल्या पानापासून हजारो शब्दांत छापली होती. ज्या साइटवर कधीच दुरुस्ती दिसत नाही ती चुकत नाही असं नसतं, ती गुपचूप मजकूर बदलते किंवा बदलतही नाही. बाकीच्या कसोट्या पटकन सांगतो: बातमीदाराचं नाव असतं का, 'सूत्रांकडून' शिवाय काही आधार असतो का, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं घेतलंय का, मत आणि बातमी वेगळी ठेवलीय का.

आणि एक सांभाळा. १९८५ च्या एका अभ्यासात लेबनॉनची राजधानी बैरूतमधल्या १९८२ च्या हत्याकांडाच्या त्याच टीव्ही बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या, तर दोन्ही गटांना त्या आपल्याच विरोधात झुकलेल्या वाटल्या. म्हणजे "हा चॅनेल बायस्ड आहे" हे आपल्याला वाटणं हा पुरावा नाही, तो आधी वहीतल्या मथळ्यांवरून आणि क्रियापदांवरून दाखवता आला पाहिजे.

पायरी १०: जवळच्या माणसाने चुकीचं पाठवलं तर

सगळ्यात अवघड हेच आहे, कारण इथे नाती असतात. ग्रुपवर सगळ्यांसमोर "हे फेक आहे" लिहिलं की समोरचा माणूस बातमी नाही, स्वतःची लाज वाचवायला लागतो. आधी खासगी मेसेज करा. आणि नुसतं "खोटं आहे" सांगून थांबू नका. १९९४ च्या एका प्रयोगात लोकांना गोदामाच्या आगीची गोष्ट सांगितली, आधी कळवलं की तिथे ज्वलनशील सामान होतं, मग सांगितलं की नव्हतंच. तरी लोक आगीचं कारण म्हणून तेच सामान धरत राहिले. पण दुसरं कारण दिलं, आग मुद्दाम लावल्याचे पुरावे सापडले असं, तेव्हा जुनं कारण बऱ्यापैकी सुटलं. रिकामी जागा माणसाला सोसत नाही, तिथे खरी गोष्ट ठेवावी लागते.

म्हणून मेसेज असा लिहा: काका, हा फोटो दुसऱ्या घटनेचा आहे, मूळ बातमी ही बघा, तेव्हा असं असं झालं होतं, मलाही आधी खराच वाटला होता. लिंक एकच द्या, पाच नाही. उत्तर आलं नाही तरी परत परत विचारू नका. माझ्या एका नातेवाइकांनी तीन महिने काहीच उत्तर दिलं नाही, मग एक दिवस त्यांचा मेसेज आला, खाली एक फॉरवर्ड जोडलेला आणि वर एवढंच लिहिलेलं, "पाठवायच्या आधी तुला विचारतोय, हे खरं आहे का?"